गुरांमागे निघालेली शाळा

डहाणू तालुक्यातल्या कोसबाडच्या टेकडीवर १९५७ साली ग्राम बाल शिक्षा केंद्र आले, तेव्हा शिकवायला माणसे होती. पोरांचाच पत्ता नव्हता. वारली पाड्यावरचा पोरगा सकाळीच गुरे घेऊन रानात जाई आणि त्याची बहीण धाकट्या भावंडाला कडेवर घेऊन घर सांभाळी. अशी मुले हजेरीपटावर कायमची गैरहजर. केंद्र चालवणाऱ्या ताराबाई मोडक आणि अनुताई वाघ यांनी मात्र या पोरांचा दिवस कसा जातो ते आधी पाहिले आणि शाळेची वेळ, जागा, साहित्य सगळे त्याप्रमाणे बदलले.

गुरे जिथे चरतात तिथेच शिक्षकाने जायचे, ही झाली कुरणशाळा. गाय भलतीकडे वळली की पोरगा उठून तिला हाकलून येणार आणि पुन्हा धड्याला बसणार. भावंड सांभाळणाऱ्या मुलींसाठी पाळणाघर, बालवाडी आणि प्राथमिक शाळा एकत्र आणली. तिचे नाव विकासवाडी. तान्हे पाळण्यात आणि ताई वर्गात!

ताराबाईंना ही युक्ती कोसबाडला येऊन सुचली, असे नाही. भावनगरच्या दक्षिणामूर्ती संस्थेत गिजुभाई बधेकांनी १९२० साली बालमंदिर सुरू केले होते. तिथे ताराबाईंनी त्यांच्याबरोबर काम केले. मारिया माँटेसरीने रोममध्ये १९०७ साली मांडलेली पद्धत या मंडळींना पटली होती. ज्याने त्याने आपल्या गतीने, हाताळून शिकावे, बाईंनी मधे मधे करू नये. अडचण साधनांची होती. गुळगुळीत ठोकळे, दट्टे, मणी हे प्रकरण महागडे. दादरच्या शिशुविहारासारख्या शहरी बालशाळेत ते खपून गेले असते, खेड्यात कोण घेणार?

कोसबाडला येण्याआधी, १९४५ साली बोर्डीला केंद्राचे काम सुरू झाले आणि उत्तर पायाखालीच सापडले. समुद्रकाठचे शिंपले लहानमोठे लावायला, चिंचोके मोजायला, झाडांची पाने आकारावरून निवडायला. माँटेसरीची मुले खरकागदी अक्षरांवरून बोट फिरवत, इथे रेतीत बोटाने अक्षर काढता येई. आपल्या पंतोजींच्या शाळेतली धूळपाटी काही वेगळी नव्हती, फक्त तिथे छडीही असे. वस्तीतली मुले बालवाडीपर्यंत येईनात, तेव्हा बालवाडीच त्यांच्या अंगणात गेली आणि तिला अंगणवाडी हे नाव मिळाले.

हल्ली प्रशिक्षणवर्गांत कोण पाहून शिकतो, कोण ऐकून, कोण करून, अशा मुलांच्या वाटण्या शिकवतात. २००८ साली काही मानसशास्त्रज्ञांनी त्यावरचे संशोधन तपासले आणि अशा वाटणीप्रमाणे शिकवल्याने फायदा होतो याला पुरेसा आधार नाही, असा निष्कर्ष काढला. कोसबाडला हा प्रश्न पडायचे कारणच नव्हते. पानांच्या त्याच ढिगात एकाला रंग दिसे, एकाला आकडा, आणि गुराख्याच्या पोराला कुठले पान गुरे खातात हे आधी दिसे. बाईंनाही त्याच्याकडून झाडांची नावे कळत.

ताराबाई ऑगस्ट १९७३ मध्ये गेल्या. २ ऑक्टोबर १९७५ रोजी केंद्र सरकारने एकात्मिक बाल विकास सेवा योजना सुरू केली, तिच्या केंद्रांना नाव दिले अंगणवाडी. तो शब्द आज देशभर सरकारी पाट्यांवर आहे. कुरणशाळेच्या नशिबी तेवढी पाटी आली नाही; पाटी लावायला तिला भिंतही नव्हती म्हणा.