धाराशिवच्या लेकी आणि जनगणनेचे आकडे

प्रभू येशूच्या जन्माची कथा एका शिरगणतीने सुरू होते, हे आपण दर नाताळाला ऐकतो. कैसर औगुस्ताच्या आज्ञेवरून योसेफ नाव नोंदविण्यासाठी बेथलेहेमला निघाला आणि दिवस भरत आलेली मरियाही त्याच्याबरोबर निघाली. त्याहून पुष्कळ आधी, मोशेच्या काळी झालेल्या गणनेत वीस वर्षांवरील, लढाईस योग्य अशा पुरुषांचीच मोजदाद झाली. पाच हजारांना भाकरी वाटल्याचा प्रसंग संत मत्तय सांगतो, तेव्हा तोही आकडा पुरुषांचाच आहे. स्त्रिया व मुले हिशेबाबाहेर आहेत, हे तो प्रामाणिकपणे नमूद करतो. भाकर मात्र सर्वांनाच मिळाली होती! कोणाला मोजले आणि कोणाला वगळले, यावरून त्या त्या समाजाची नजर ओळखावी. म्हणूनच आकड्यांचा इतिहास हा नुसता आकड्यांचा नसतो.

हा विचार आम्ही धाराशिव जिल्ह्याच्या निमित्ताने मांडीत आहोत. जानेवारी २०२० मध्ये ९३वे अखिल भारतीय मराठी साहित्य संमेलन तेथे भरले आणि फादर फ्रान्सिस दिब्रिटो त्याचे अध्यक्ष झाले, तेव्हा वसईपासून नगरपर्यंतच्या कित्येक ख्रिस्ती घरांत या गावाचे नाव प्रथमच आपुलकीने घेतले गेले. त्या वेळी गावाचे सरकारी नाव उस्मानाबाद होते. २०२३ मध्ये शहर व जिल्हा या दोहोंना धाराशिव हे जुने नाव परत मिळाले. नाव बदलले. त्या नावाखाली राहणाऱ्या लेकींचे काय, हा आमचा प्रश्न आहे.

१८५३ साली हैदराबादच्या निजामाने कर्जापोटी काही मुलूख इंग्रजांच्या हवाली केला, त्यात नळदुर्ग-धाराशिवचा हा टापूही होता. फिलिप मेडोज टेलर हा अधिकारी तेथे कारभार पाहू लागला आणि त्याने जमिनीच्या मोजणीचे काम हाती घेतले. १८६० मध्ये हा मुलूख निजामाकडे परत गेला. शेतांची मोजणी झाली, साराही ठरला. पण त्या शेतांत राबणाऱ्या बायकांची पहिली शिस्तशीर नोंद होण्यास १८८१ साल उजाडावे लागले. हैदराबाद संस्थानातील पहिली खानेसुमारी त्या वर्षीची. गणकाने प्रत्येक माणसाचे वय, लिंग, आणि विवाहित, अविवाहित की विधवा-विधुर, हे लिहून घेतले.

या शेवटच्या रकान्याने देशभर खळबळ उडविली. पंडिता रमाबाईंनी १८८७ साली अमेरिकेत प्रसिद्ध केलेल्या ‘द हायकास्ट हिंदू वुमन’ या आपल्या इंग्रजी पुस्तकात याच खानेसुमारीचा आधार घेऊन हिंदुस्थानातील सुमारे २ कोटी ९ लाख विधवांची संख्या जगापुढे ठेवली. घरोघरी एका कोपऱ्यात बसलेली विधवा ही ज्याच्या त्याच्या घरची गोष्ट होती. तिची बेरीज झाली तेव्हा ती समाजाची गोष्ट झाली. एका मराठी ख्रिस्ती स्त्रीने आकड्याला वाचा दिली, ही गोष्ट आपण विसरता कामा नये.

परंतु आकडे वाचताना सावधपणा हवा. १८९१ साली या जिल्ह्याची लोकसंख्या सुमारे साडेसहा लाख होती. १९०१ साली ती ५ लाख ३५ हजारांवर आली. एका दशकात एक लाखाहून अधिक माणसे कमी झाली. १८९६-९७ आणि १८९९-१९०० या दोन दुष्काळांनी हा घाला घातला. दुष्काळात पुरुष स्त्रियांपेक्षा अधिक संख्येने दगावतात, असे अभ्यासकांना आढळून आले आहे. दीर्घ उपासमार सोसण्याची शक्ती स्त्रीच्या देहात जास्त असते, आणि कामाच्या शोधात दूर भटकून साथींना बळी पडण्याचा प्रसंग पुरुषांवर अधिक येतो. त्यामुळे दुष्काळानंतरच्या गणतीत हजार पुरुषांमागे स्त्रियांची संख्या चांगली दिसते. आजच्या महाराष्ट्राच्या भूभागात १९०१ साली हे प्रमाण ९७८ होते. तो स्त्रीच्या सन्मानाचा पुरावा मानणे भाबडेपणाचे ठरेल. रत्नागिरीत २००१ साली हजार पुरुषांमागे अकराशेहून अधिक स्त्रिया होत्या, त्याचे कारण घरचे पुरुष मुंबईला गेले होते. एकाच संसाराचे दोन तुकडे दोन जिल्ह्यांच्या तक्त्यांत पडतात, ते असे. धाराशिवची जुनी आणि नवी संख्या शेजारी ठेवतानाही १९८२ साली लातूर जिल्हा त्यातून वेगळा झाला, हे ध्यानात ठेवावे लागते.

विवाहाच्या वयाचेही तसेच. सारडा कायदा १९२९ साली संमत झाला आणि १ एप्रिल १९३० पासून अमलात यावयाचा होता. मधल्या काही महिन्यांत लोकांनी लग्नांची घाई केली. ब्रिटिश मुलखात आणि बाहेर मिळून पंधरा वर्षांखालील विवाहित मुलींची संख्या १९२१ मध्ये सुमारे ८५ लाख होती, ती १९३१ च्या जनगणनेत १ कोटी २० लाखांच्या वर गेली! मुलींचे रक्षण करण्यासाठी आणलेल्या कायद्यानेच लाखो मुलींची लग्ने अलीकडे ओढली. शिवाय हा कायदा ब्रिटिश हद्दीपुरता होता. सोलापूर त्या हद्दीत होते. लागूनच असलेले उस्मानाबाद निजामाच्या राज्यात, म्हणजे कायद्याबाहेर होते.

आज ती सीमा पुसली गेली आहे आणि मुलीच्या लग्नाचे वय १८ होऊनही कित्येक दशके लोटली आहेत. तरीही २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत, २० ते २४ वयाच्या ज्या स्त्रियांचे लग्न १८ वर्षांच्या आत झाले त्यांचे प्रमाण महाराष्ट्रात २१.९ टक्के, तर या जिल्ह्यात एक-तृतीयांशाहून अधिक निघाले. शेजारच्या बीडमध्ये ते ४० टक्क्यांच्याही पुढे आहे. दर तीन सुनांमागे एक सून शाळेच्या वयातच उंबरठा ओलांडून आली, असा याचा अर्थ.

असे का व्हावे? रूढी हे एक कारण. पण सगळा दोष रूढीवर टाकून आपले समाधान करून घेऊ नये. या भागात संसार मोजण्याचे आणखी एक माप आहे, त्याचे नाव ‘कोयता’. भूम, परंडा, वाशी, कळंब अशा तालुक्यांतून दर दिवाळीच्या सुमारास ऊसतोडीसाठी गाड्या भरून माणसे निघतात. मुकादम उचल देतो ती कोयत्यावर, आणि एक कोयता म्हणजे एक जोडपे. नवरा ऊस तोडतो, बायको मोळ्या बांधते आणि डोक्यावरून वाहून गाडीत भरते. मजुरी टनावर, दोघांची मिळून. उचलीची रक्कम बहुधा नवऱ्याच्या हाती पडते. एकट्या पुरुषाचा अर्धा कोयता, म्हणून त्याला उचलही कमी. मग हंगामाच्या तोंडावर मुलाचे लग्न उरकून घेण्याची निकड निर्माण होते. अशा लग्नांना त्या भागात ‘गेटकेन’ म्हणतात. घरी वयात आलेली मुलगी एकटी ठेवून सहा महिने परमुलखात कसे जावे, ही आईबापांची धास्तीही खोटी नाही. विवाह हा संस्कार आहे असे आपण मानतो; येथे तो मजुरीचा एकक होऊन बसला आहे.

या हिशेबात बाईचे आजारपण बसत नाही. कामावर खाडा पडला की दंड कापला जातो. २०१९ साली बीड जिल्ह्यात ऊसतोड करणाऱ्या ८२ हजारांहून अधिक स्त्रियांची सरकारी पाहणी झाली, तेव्हा त्यांतील सुमारे १३ हजार ८०० जणींची गर्भपिशवी काढलेली असल्याचे आढळले. म्हणजे सहांत एक. फडावरच्या कोपीत ना आडोसा, ना पाणी, ना विश्रांती. अशा स्थितीत ‘पिशवी काढून टाका’ हा सल्ला त्यांना सुटकेसारखा वाटला. धाराशिवच्या ज्या स्त्रिया याच फडांवर जातात, त्यांचे जगणे याहून निराळे कसे असेल?

आता सर्वांत लहान मुलींकडे वळू. निसर्गतःच मुलगे थोडे अधिक जन्मतात. हजार मुलग्यांमागे साधारण ९५० मुली, हा निसर्गाचा नियम. सहा वर्षांखालील मुलांत महाराष्ट्राचे प्रमाण १९९१ साली ९४६ होते, म्हणजे जवळपास नियमाइतके. २००१ साली ते ९१३ आणि २०११ साली ८९४ झाले. बीडमध्ये ते दहा वर्षांत ८९४ वरून ८०७ वर कोसळले. धाराशिव जिल्हा २००१ सालीच ९०० च्या खाली गेला होता. २०११ साली तो ८७० च्याही खाली आला. हजार मुलग्यांमागे ऐंशीहून अधिक मुली तेथे नाहीत. त्या कोणत्याही दुष्काळात गेल्या नाहीत.

विशेष हे की, १९०१ साली हैदराबाद संस्थानात शंभर स्त्रियांत एकही साक्षर सापडत नव्हती. २०११ साली या जिल्ह्यातील सुमारे ७० टक्के स्त्रिया साक्षर होत्या. शाळा आली, रस्ता आला, दवाखाना आला. आणि त्यांच्याच मागोमाग सोनोग्राफीचे यंत्र आले. जुन्या काळी मुलीची हेळसांड होई. नव्या काळात तिला जन्मच नाकारण्याची सोय झाली. गर्भलिंगनिदानाविरुद्ध देशातील पहिला कायदा महाराष्ट्रानेच १९८८ साली केला, हे आपल्याला भूषणावह आहे. देशाचा कायदा १९९४ मध्ये झाला व १९९६ पासून लागू झाला. तरी अंमलबजावणी होईना, म्हणून ‘सेहत’ व ‘मासूम’ या महाराष्ट्रातील संस्था आणि डॉ. साबू जॉर्ज यांना २००० साली सर्वोच्च न्यायालयात जावे लागले. २००३ साली कायदा अधिक कडक झाला. त्यानंतरही २०११ चे आकडे असे आले, ते कशामुळे? यंत्राला कायदा लावता येतो; घरात मुलगी जन्मली की उतरणाऱ्या चेहऱ्यांना तो लावता येत नाही.

या चेहऱ्यांनी कित्येक मुलींना नावसुद्धा ‘नकोशी’ असे दिले. सातारा जिल्ह्यात ऑक्टोबर २०११ मध्ये अशा अडीचशेहून अधिक मुलींचे नव्याने नामकरण करण्यात आले. आणि डिसेंबर २०२२ मध्ये सोलापुरात मुंडावळ्या बांधून, घोड्यावर बसून अविवाहित तरुणांचा मोर्चा जिल्हाधिकारी कचेरीवर गेला; मुली मिळत नाहीत, ही त्यांची तक्रार. लोक हसले. आम्हांला हसू आले नाही. शेतकऱ्याच्या मुलाला मुलगी न देण्याची कारणे अनेक आहेत, परंतु ज्या मुली जन्मल्याच नाहीत त्या बोहल्यावर येणार कोठून?

वाचकहो, हे सारे मराठवाड्याचे, आपले नव्हे, असे म्हणून हात झटकू नयेत. ट्रेंट धर्मपरिषदेने १५६३ साली विवाहाची नोंदवही ठेवण्याचे बंधन घातले, तेव्हापासून आपली प्रत्येक धर्मग्रामाची कचेरी ही एक छोटी खानेसुमारीच आहे. गेल्या तीस वर्षांतील स्नानसंस्काराच्या नोंदवहीत किती मुली आणि किती मुलगे, हे मोजावयास एक दुपार पुरेल. विवाहाच्या नोंदवहीतील वधूंची वये पाहावीत. जो आकडा निघेल तो निमूटपणे वाचावा. तो चांगला असेल तर देवाचे आभार मानावेत. नसेल तर प्रवचनापूर्वी पश्चात्ताप करावा. गर्भातील जीव पवित्र आहे असे आपण सांगतो. मग तो जीव मुलीचा असताना तिच्या आईला घरात काय ऐकावे लागते, याची चौकशीही आपलीच नव्हे काय?

२०२१ ची जनगणना वेळेवर झाली नाही. नव्या गणतीसाठी १ मार्च २०२७ हा संदर्भदिन ठरला आहे. महाराष्ट्रात १ मे २०२४ पासून जन्मलेल्या मुलांच्या नावापुढे सरकारी कागदांत आधी आईचे नाव लागते, ही एक चांगली सुरुवात होय. गणक दाराशी येईल तेव्हा तो घरातील बाईला विचारील, ‘तुम्ही काम काय करता?’ पहाटेपासून राबणारी ती बाई ‘काही नाही, घरीच असते’ असे उत्तर देईल आणि तक्त्यात तसेच लिहिले जाईल. निदान आपल्या घरात तरी शेजारी बसलेल्या नवऱ्याने, मुलाने तिला थांबवावे आणि खरे उत्तर सांगावे. धाराशिवच्या फडावर मोळी वाहणाऱ्या बाईला अर्धा कोयता म्हणून मोजले जाते. देवाच्या हिशेबात ती पूर्ण आहे. आपल्याही हिशेबात ती पूर्ण असावी, एवढेच मागणे आहे.