दोन सूर, एक बिंदू

कड्याच्या बाजारात रेडिओ दुरुस्त करणारे एक चाचा होते. ट्रान्झिस्टर उघडून आतल्या पत्र्याच्या चौकोनी डबीचा स्क्रू ते केसभर फिरवत, आणि खरखरीतून मुंबई स्टेशन वर येई. त्या डबीत तारेचे वेटोळे आणि कपॅसिटर असतो. दोघांचा मिळून एक ठरलेला सूर. शेजारी तसेच दुसरे मंडल आणून दोघांना एकमेकांत गुंतवले, की एका सुराचे दोन होतात.

आता एका मंडलाला ॲम्प्लिफायरने ऊर्जा पुरवा, दुसऱ्यात तितकीच खर्ची पडू द्या, आणि दोघांमधला धागा हळूहळू सैल करा. दोन्ही सूर जवळ येत येत एका जागी एकच होतात. नुसता सूरच नव्हे, डोलण्याची तऱ्हाही एकच उरते. जपानी गणिती तोसियो काटो यांनी १९६६च्या ग्रंथात अशा जागेला ‘अपवादात्मक बिंदू’ म्हटले. नाव रुक्षच आहे. पण आम्हा बी.ए.वाल्या कवींना विचारतो कोण!

नावाआधी वस्तू आपल्याकडे पाहिली गेली होती. जर्मनीच्या फोख्ट यांनी १९०२मध्ये हेरलेला एक चमत्कार बंगळुरूला सी. व्ही. रामन यांच्या संस्थेत पंचरत्नम यांनी १९५५मध्ये नीट उलगडला. स्फटिकातून प्रकाश सहसा दोन तऱ्हांनी जातो. प्रकाश शोषणाऱ्या काही स्फटिकांत ठरावीक दिशांना एकच तऱ्हा उरते. तेव्हा पंचरत्नम एकवीस वर्षांचे होते. १९६९मध्ये, पस्तिशीत, ते गेले.

पुढे २००१मध्ये मुंबईच्या भाभा अणुसंशोधन केंद्रातील झफर अहमद यांनी वाढ आणि घट तोलून धरणारे एक गणित पूर्ण सोडवून दाखवले. एका मर्यादेपर्यंत ऊर्जेची उत्तरे वास्तव संख्या. ती ओलांडली की जोडीजोडीने काल्पनिक भाग घेऊन येतात. कागदावरची ही मर्यादा म्हणजे तोच बिंदू. विजेच्या मंडलांत तो २००४मध्ये दक्षिण आफ्रिकेत दिसला, आणि २०११मध्ये अमेरिकेत वेस्लियन विद्यापीठात ॲम्प्लिफायर लावलेल्या जोडीत.

याचा उपयोग काय? जर्मनीचे यान वीर्सिग यांनी २०१४मध्ये सुचवले: या बिंदूवर धक्का दिला की सूर धक्क्याच्या वर्गमुळाइतके दुभंगतात. धक्का दहा हजारांश, तर फट शतांश. अतिसूक्ष्म बदल टिपणाऱ्या संवेदकाला आणखी काय हवे? २०१९मध्ये सिंगापूरच्या संशोधकांनी उंदरांच्या कातडीखाली बसवलेल्या संवेदकाकडून त्यांचा श्वास बिनतारी मोजला. संवेदनक्षमता आधीच्या पद्धतींच्या मर्यादेहून ३.२ पट निघाली.

मला मात्र भांडणाचा भाग अधिक मोलाचा वाटतो. रेडिओचा आवाज चढवला की गाण्याबरोबर खरखरही चढते, हे कुठल्याही श्रोत्याला ठाऊक आहे. २०२०मध्ये कॅलिफोर्नियाच्या कॅल्टेक संस्थेतील वहाला यांच्या गटाने प्रकाशावर चालणाऱ्या यंत्रात नेमके हेच दाखवले. बिंदूजवळ संकेत वाढतो, तितकीच खरखर वाढते; पदरात काही पडत नाही. दोन वर्षांनी वेस्लियनच्या गटाने पुन्हा वेटोळ्यांकडे जाऊन त्वरण मोजणारे यंत्र केले, आणि खरखरीच्या तुलनेत संकेत खरोखर वर काढून दाखवला. त्यात एक लहानसे वजन हलते, कपॅसिटरच्या पट्ट्यांमधले अंतर बदलते, आणि दोन मंडलांमधला धागा किंचित ताणला जातो.