ढाणकीला न आलेली आगगाडी

यवतमाळ जिल्ह्याच्या दक्षिण टोकाला, उमरखेड तालुक्यात, ढाणकी नावाचे बाजाराचे गाव आहे. गावाला स्टेशन नाही, कधीच नव्हते. आगगाडीने जावयाचे तर पैनगंगा ओलांडून हिमायतनगर गाठावे, नाही तर थेट नांदेड. आणि तरीही या मुलखाचे गेल्या दीडशे वर्षांतले रूप आगगाडीने जेवढे पालटले, तेवढे फार थोड्या गोष्टींनी पालटले असेल. जेथे रूळच नाहीत तेथे रेल्वेने काय केले, असे वाचक विचारतील. ते सांगावयाचे तर आधी बैलांची गोष्ट सांगितली पाहिजे.

वऱ्हाडचा कापूस रुळांच्या आधीही परमुलखी जात होता. एकोणिसाव्या शतकाच्या पूर्वार्धात त्याचा मोठा भाग गंगेकाठच्या मिर्झापूरला जाई. वाट पाचशे मैलांच्या घरातली, आणि वाहणारे कोण, तर बंजाऱ्यांचे बैल. बैलाच्या पाठीवर दोन्ही अंगांनी गोणी, पुढे घुंगरांच्या माळा घातलेला म्होरक्या बैल, मागे शेकडोंचा तांडा आणि त्या तांड्यावर हुकूम नायकाचा. दिवसाकाठी काही थोडे कोस चालायचे, गवत-पाणी पाहून उतरायचे. जाताना कापूस, येताना मीठ. पावसाने गाठले की माल भिजे. धूळ तर रोजचीच. इंग्रजांना हे ठाऊक नव्हते असे नाही. 1803 साली वेलस्ली याच वऱ्हाडात अडगाव आणि गाविलगड येथे लढला, तेव्हा त्याच्या फौजेचे धान्यही बंजाऱ्यांच्या बैलांवरूनच येत होते. तांडा अडला की फौज अडे.

पुढे 1853 साल उजाडले. 16 एप्रिलला बोरीबंदरहून ठाण्याला पहिली गाडी धावली, आणि पुढच्याच महिन्यात निजामाने कर्जापोटी वऱ्हाड इंग्रजांच्या कारभारात दिले. दोन्ही घटना एकाच उन्हाळ्यातल्या. हा योगायोग म्हणावा, पण मँचेस्टरच्या गिरण्यांना तो चांगलाच मानवला! त्यांना कापूस हवा होता, आणि एकट्या अमेरिकेवर विसंबणे त्यांना धोक्याचे वाटत होते. ग्रेट इंडियन पेनिन्शुला रेल्वेच्या भागीदारांना शेकडा पाच व्याजाची हमी सरकारने दिली होती. म्हणजे कंपनी बुडाली तरी पैसा बुडायचा नाही. तो हिंदुस्थानच्या रयतेच्या सारावसुलीतून भरून निघायचा. असा धंदा कोणाला नको?

खरी अडचण सह्याद्रीची होती. भोरघाटाची लाइन 1863 साली आणि थळघाटाची 1865 साली खुली झाली. दोन्हींकडे चढ सदतिसास एक, म्हणजे सदतीस फूट पुढे गेले की एक फूट वर. आजही कसाऱ्याहून इगतपुरीला चढताना गाडीला मागून जादा इंजिने लावतात. ही इंजिने गाडी वर रेटतात आणि वर पोहोचली की सुटी होऊन परत खाली येतात. थळघाट सर झाल्यावर पुढे भुसावळ, अकोला, मूर्तिजापूर, बडनेरा असा सपाट मुलूख होता. 1867 साली गाडी नागपूरला पोहोचली. पुढे बंगाल-नागपूर रेल्वेशी सांधा जुळला आणि मुंबई-हावडा हा देशातला अत्यंत गजबजलेला मार्ग झाला.

अमेरिकेतले यादवी युद्ध 1861 ते 1865 चालले. त्या चार वर्षांत तिकडचा कापूस बंद पडला आणि इकडे वऱ्हाडच्या कापसाला सोन्याचा भाव आला. गंमत अशी, की नागपूरपर्यंतचे रूळ पुरे झाले तेव्हा ते युद्ध संपून गेले होते. भाव कोसळले, पण रूळ राहिले. 1870 साली व्हाइसरॉय लॉर्ड मेयो खामगावात आला. जलंबहून खामगावला नेलेला फाटा आणि तिथला कापूसबाजार त्याच्या हस्ते सुरू झाला. गावोगावी जिन आणि प्रेस उभे राहिले. सरकी निघायची, रुईच्या गाठी दाबल्या जायच्या, त्या वाघिणीत चढायच्या आणि मुंबईच्या बंदरात उतरायच्या.

मग बैल कोठे गेले? तेही रुळांच्या इतिहासातच मोजले पाहिजेत. जो माल महिनोगणती वाटेवर असे, तो दोन-तीन दिवसांत जाऊ लागला. हजारो तांड्यांचा पिढीजात धंदा एका पिढीत बसला. त्यात 1871 साली 'गुन्हेगार जमातीं'चा कायदा झाला आणि पोटासाठी फिरणारा माणूस सरकारच्या लेखी संशयित ठरू लागला. कालपर्यंत ज्याच्या बैलांवर फौजा जेवत, तोच आज पोलिसांच्या नोंदवहीत! हा कायदा रद्द होण्यास 1952 साल उजाडावे लागले. दरम्यान अनेक तांडे थांबले. पुसद आणि उमरखेडच्या डोंगरपायथ्याला जमीन धरून ते शेती करू लागले. आज ढाणकीच्या आसपास नावापुढे 'तांडा' लागलेल्या वस्त्या दिसतात, त्या अशा चालायच्या थांबलेल्या वाटा आहेत. पुसदजवळच्या गहुलीच्या अशाच घराण्यातले वसंतराव नाईक 1963 ते 1975 या काळात महाराष्ट्राचे मुख्यमंत्री झाले, हे वाचकांना ठाऊक आहेच.

जिल्ह्याच्या उत्तर भागाला मात्र पुढे स्वतःची गाडी मिळाली. विसाव्या शतकाच्या आरंभी किलिक निक्सन कंपनीने मूर्तिजापूर ते यवतमाळ ही 113 किलोमीटरची अरुंद लाइन कापसासाठी घातली. दुसरा फाटा अचलपूरला गेला. हीच लोकांची लाडकी 'शकुंतला'. देशातल्या रेल्वेचे राष्ट्रीयीकरण झाले तरी हिची मालकी खाजगी कंपनीकडेच राहिली. मँचेस्टरला 1921 साली घडविलेले वाफेचे इंजिन तिने 1994 पर्यंत वापरले. पुढे पुढे तर गार्डच तिकिटे देई आणि गाडीबरोबरचा माणूस उतरून फाटक लावी. हसण्यासारखे आहे खरे, पण गरिबाला मोटारीपेक्षा ती स्वस्त पडे. आता तीही थांबली आहे.

ढाणकीला मात्र हेही लाभले नाही, आणि त्याचे कारण माझ्या मते नदीत आहे. पैनगंगेच्या अलीकडे इंग्रजी वऱ्हाड, पलीकडे निजामशाही. निजामाच्या मुलखातली मनमाड-सिकंदराबाद लाइन 1900 च्या सुमारास नांदेडवरून गेली, ती मीटरगेज. पुढे मुदखेडहून आदिलाबादकडे फाटा निघाला, त्यावर हिमायतनगर, म्हणजे जुने वाढोणे. इंग्रजांचे रूळ उत्तरेकडून यवतमाळला येऊन संपले, निजामाचे रूळ दक्षिणेला नदीपलीकडून निघून गेले. दोघांनाही आपला माल आपल्याच बाजूने न्यावयाचा होता. मधल्या पट्ट्याला जोडण्यात कोणाचा लाभ? त्यात रुंदी तीन तऱ्हेच्या. इकडचा डबा तिकडच्या रुळावर चढतच नव्हता. राज्ये गेली, सरहद्द पुसली, नांदेडकडची लाइनही रुंद झाली. नकाशातली पोकळी मात्र तशीच राहिली.

वर्ध्याहून यवतमाळ, पुसद, उमरखेडवरून नांदेडला जाणारी सुमारे 284 किलोमीटरची नवी लाइन आखलेली आहे. तिचा वर्धा ते कळंब हा पहिला तुकडा 28 फेब्रुवारी 2024 रोजी सुरू झाला. कळंबच्या पुढे यवतमाळ, दारव्हा, दिग्रस, पुसद ही गावे ओलांडल्यावर उमरखेड, आणि ढाणकी तेथूनही काही कोस आडबाजूला. तोवर ढाणकीकर कापसाच्या गाड्या भरून रस्त्यानेच बाजार गाठतात, आणि मुंबईला निघालेला माणूस पैनगंगेचा पूल ओलांडून हिमायतनगरच्या फलाटावर नंदिग्राम एक्स्प्रेसची वाट पाहतो.