जुनी पिकअप उंच करायचीय? स्प्रिंग घेताना फक्त इंच बघू नका

उंच केलेल्या अमेरिकन पिकअपचे रील्स तुम्हीही पाहिले असतील. १९८० ते १९९६ दरम्यानची फोर्ड एफ-१५० त्यात हमखास दिसते. तिला पुढे कॉइल स्प्रिंग, मागे पाटे असतात.

पुढच्या लिफ्ट स्प्रिंग घेताना बहुतेक जण फक्त उंची विचारतात. पण कडकपणा, म्हणजे 'स्प्रिंग रेट', तितकाच महत्त्वाचा. स्प्रिंग १ इंच दबायला जितके पौंड लागतात, तो तिचा रेट. ४०० रेटची स्प्रिंग १,२०० पौंडांखाली ३ इंच दबते; तेवढ्याच लांबीची ५०० रेटची २.४ इंच. उंची मिळाली, पण खड्ड्यात दणकेही वाढले. पुढे विंच किंवा जड बंपर असेल तर कडक स्प्रिंग ठीक. नाहीतर मूळ रेटचीच, पण लांब स्प्रिंग बरी.

त्याआधी गाडीची उंची दोन्ही बाजूंनी मोजा. इतक्या वर्षांत मूळ स्प्रिंग बसलेल्या असू शकतात. तसं असेल तर मूळ मापाच्या नव्या स्प्रिंगनेही गाडी वर येते.

या फोर्डची एक खोडही आहे. पुढची चाकं दोन लांब बीमवर झुलतात. नुसत्या उंच स्प्रिंग टाकल्या की चाकांचा वरचा भाग बाहेर झुकतो आणि टायर बाहेरच्या कडेने झिजतात. त्यामुळे बीमचे ब्रॅकेटही खाली घ्यावे लागतात. ब्रेकचा होज ताणला जात नाही ना, हे तपासायलाच हवं.

आपल्याकडे हा प्रयोग करणार असाल तर आधी आरटीओत विचारा. कायद्यात न बसणाऱ्या प्रत्येक बदलाला ५,००० रुपये दंड, ६ महिन्यांपर्यंत कैद किंवा दोन्ही होऊ शकतं.