लांबून आणि जवळून

पनवेल तालुक्यातल्या आम्हा बचत गटाच्या बायकांनी पापडाच्या कामाचा व्हिडिओ मोबाईलवर काढला. नंतर बघतो तर काय, सगळ्या लांबवर ओळीत उभ्या आणि पापड कुठंच नाही! खूप हसलो. पण आपल्याकडच्या सिनेमाची सुरुवातही थोडी अशीच झाली.

दादासाहेब फाळक्यांचा 'राजा हरिश्चंद्र' ३ मे १९१३ रोजी गिरगावच्या कोरोनेशन थिएटरात लागला. त्यात कॅमेरा बहुतेक वेळ लांब, एका जागी उभा. आपण नाटकाला समोर बसावं, तशी माणसं डोक्यापासून पायापर्यंत दिसतात. याला लाँग शॉट म्हणतात. तारामती झाले होते अण्णा साळुंके, हॉटेलात काम करणारे. त्या कामाला बाई मिळालीच नाही.

पडद्यामागं मात्र एक बाई होती, सरस्वतीबाई फाळके. तेव्हा फिल्मच्या कडेला भोकं पाडलेली येत नसत आणि भोकांशिवाय ती कॅमेऱ्यात सरकत नाही. अंधारात बसून एकसारखी भोकं पाडायचं काम सरस्वतीबाईंचं. फिल्म धुण्यातही त्यांचा हात. शूटिंग सूर्याच्या उजेडावर चाले. नटांच्या तोंडावर उजेड पडावा म्हणून पांढऱ्या चादरी धरून त्या उन्हात उभ्या राहात. शिवाय ६०-७० माणसांचा स्वयंपाक. तो कुणी केला असेल, हे आपल्याला वेगळं सांगायला नको!

त्यानंतर 'मोहिनी भस्मासुर'मध्ये दुर्गाबाई कामत आणि त्यांची मुलगी कमलाबाई पडद्यावर आल्या.

मग १९१९चा 'कालिया मर्दन'. त्यात कृष्ण झाली फाळक्यांचीच लहान मुलगी मंदाकिनी. गोष्ट सुरू होण्याआधी कॅमेरा तिच्या चेहऱ्याजवळ जातो. ना मुकुट, ना मोरपीस. साधी पोर, आणि तिच्या तोंडावर एकामागून एक उमटणारे भाव. मग त्याच चेहऱ्याचा हळूहळू कृष्ण होतो. हा क्लोजअप. आई अंधारात भोकं पाडत बसली, आणि सहा वर्षांत लेकीचा चेहरा इतक्या जवळून गावोगावच्या लोकांनी पाहिला. आम्हाला हे फार मोठं वाटतं.

पुढं १९३४ साली 'अमृतमंथन'मध्ये व्ही. शांताराम यांनी राजगुरूचा एकच डोळा पडदाभर दाखवला. नुसत्या डोळ्यानं धाक बसतो!

कॅमेऱ्याची उंचीही बोलते. वरून धरला की समोरचं माणूस दबलेलं दिसतं, खालून धरला की उंच. मागं एक पाहुणे आमच्या बैठकीचे फोटो काढून गेले. ते उभे, आम्ही सतरंजीवर. फोटोत आमची नुसती डोकी आणि वर केलेले डोळे, जणू काही मागायलाच बसलो होतो. खरं तर त्या दिवशी आम्ही कर्जाच्या वसुलीचा हिशेब करत होतो.

पापडाचा व्हिडिओ आम्ही परत काढला. मोबाईल पिठाच्या डब्याला टेकवून ठेवला, लाटणारीच्या बरोबरीच्या उंचीवर. आता आमच्या गटातल्या आजींचे हात दिसतात. बांगड्यांना पीठ लागलेलंसुद्धा.