ग्राफिक्स कार्ड मोजायची पट्टी

12 ऑगस्ट 1981 रोजी आयबीएमने आपला पर्सनल कॉम्प्युटर जाहीर केला, तेव्हा गिऱ्हाइकापुढे पडद्यासाठी दोन कार्डे होती. ‘एमडीए’ फक्त अक्षरे दाखवी, 80 रकाने आणि 25 ओळी, पण ती सुबक दिसत. ‘सीजीए’ चित्रेही काढी, 320 गुणिले 200 ठिपक्यांत चार रंगांची. या दोघांची तुलना करायला परीक्षक लागत नव्हता: हिशेब लिहिणाऱ्याने पहिले घ्यावे, खेळणाऱ्याने दुसरे. पुढच्याच वर्षी हर्क्युलिसने एकरंगी, पण 720 गुणिले 348 ठिपक्यांचे कार्ड काढून मधली जागा पकडली. 1984 मध्ये ईजीए आले, 1987 मध्ये व्हीजीए. या साऱ्या काळात वैशिष्ट्यांचा तक्ता हाच निकाल होता. ठिपके किती आणि रंग किती हे पाहिले की कार्ड कळले. वेगाचा प्रश्न फारसा निघत नसे, कारण चित्र रचण्याचे कष्ट मुख्य प्रोसेसरच उपसत होता.

वेग मोजण्याची विद्या मात्र या कार्डांहून जुनी. ब्रिटनच्या नॅशनल फिजिकल लॅबोरेटरीत 1972 मध्ये ‘व्हेटस्टोन’ हा चाचणी-प्रोग्रॅम आकाराला आला आणि 1984 मध्ये राइनहोल्ड वायकर यांनी ‘ड्रायस्टोन’ लिहिला. ड्रायस्टोनची कथा आपण लक्षात ठेवावी अशी आहे. त्याचा आकडा जाहिरातींत झळकू लागताच कंपायलर बनवणारे नेमके त्याच्यापुरते हुशार झाले आणि चाचणीतले काम करण्याऐवजी गाळू लागले. पुढे ग्राफिक्स कार्डांच्या दुनियेत जे घडले, त्याची ही रंगीत तालीम म्हणायला हरकत नाही.

त्या दुनियेतली खरी पट्टी आली ती खेळातूनच, आणि ती बनवणाऱ्यांचा हेतू निराळा होता. 1993 च्या ‘डूम’मध्ये ‘टाइमडेमो’ नावाची सोय होती. नोंदवून ठेवलेला खेळ संगणकाने जमेल तितक्या वेगाने पुन्हा पळवायचा आणि दाखवलेल्या चित्रांना लागलेल्या सेकंदांनी भागायचे. 1996 मध्ये ‘क्वेक’ आला. त्याच्या पहिल्या डेमोत 969 चित्रे होती, आणि ती संपली की पडद्यावर एक आकडा उमटे: सेकंदाला इतक्या फ्रेम्स. त्याच वर्षी थ्रीडीएफएक्सचे ‘व्हूडू’ बाजारात आले. 50 मेगाहर्ट्झचा वेग, सहसा 4 मेगाबाइट मेमरी, आणि साधा द्विमिती पडदा दाखवायला शेजारी दुसरे कार्ड हवेच. कागदावर हे अर्धवट वाटणारे यंत्र होते. पण जानेवारी 1997 मध्ये ‘क्वेक’ची अशा कार्डांसाठीची आवृत्ती, ‘जीएलक्वेक’, आली आणि तक्त्याने न सांगितलेली गोष्ट त्या एका आकड्याने सांगितली. पट्टी कारखानदाराच्या हातून निसटून खेळणाऱ्याच्या हाती आली, ती इथे. आजही कार्डांचे वाद ‘एफपीएस’मध्येच होतात, आणि त्याचे मूळ बरेचसे या डेमोत आहे.

हाती आलेली पट्टी फार दिवस सरळ राहिली नाही. ग्राफिक्स चिप बनवणाऱ्या एनव्हिडियाने 1999 मध्ये ‘जीफोर्स 256’ला जगातला पहिला जीपीयू (ग्राफिक्स प्रोसेसर) म्हणताना व्याख्येतच सेकंदाला किमान एक कोटी बहुभुजांची अट घालून टाकली, पट्टी आणि माल एकाच दुकानातला. दरम्यान फिनलंडमध्ये ‘थ्रीडीमार्क’ हा चाचणी-प्रोग्रॅम जन्मला होता, 1998 मध्ये, आणि सगळ्या कामगिरीचा एकच गुण देण्याची त्याची पद्धत लगेच रुळली. ऑक्टोबर 2001 मध्ये एनव्हिडियाची प्रतिस्पर्धी असलेल्या एटीआयच्या ‘रेडिऑन 8500’ची मौज उघडकीस आली. ‘क्वेक 3’च्या फाइलमधले ‘क्वेक’ हे नाव बदलून ‘क्वॅक’ केले, की कार्डाचा वेग उतरे आणि चित्र मात्र सुधारे! कार्ड चालवणारा प्रोग्रॅम, म्हणजे ड्रायव्हर, खेळाचे नाव ओळखून पोतांची सफाई कमी करत होता. दोनच वर्षांनी एनव्हिडियाची पाळी आली. ‘थ्रीडीमार्क03’मधला कॅमेरा ठरलेल्या वाटेनेच फिरतो हे हेरून तिच्या ड्रायव्हरने त्या वाटेवरून न दिसणारा भाग रंगवणेच सोडले होते. परीक्षकांनी कॅमेरा मोकळा सोडला तेव्हा आकाश फाटलेले दिसले. मे 2003 मध्ये दुरुस्त चाचणी आली आणि ‘जीफोर्स एफएक्स 5900 अल्ट्रा’चे गुण 24.1 टक्के घसरले. एटीआयचे कार्डही 1.9 टक्के घसरले. जून उजाडताच चाचणीकर्त्या कंपनीने एनव्हिडियाबरोबर संयुक्त निवेदन काढून ‘फसवणूक’ हा आपला आधीचा आरोप मागे घेतला. मला ते निवेदन मूळ लबाडीहून अधिक खटकते.

तक्त्यांचेही दिवस फिरले होते. नोव्हेंबर 2006 मध्ये आलेल्या ‘जीफोर्स 8800 जीटीएक्स’मध्ये 128 स्ट्रीम प्रोसेसर होते, 2007 च्या ‘रेडिऑन एचडी 2900 एक्सटी’मध्ये 320. अडीचपट! तरीही खेळात वरचढ ठरले ते 128 वाले, कारण दोन्ही कंपन्यांची मोजण्याची रीत वेगळी होती आणि एनव्हिडियाचे प्रोसेसर जवळपास दुप्पट वेगाने चालत. पुढे मेमरीसारखा निर्विवाद वाटणारा आकडाही फसवा निघाला. 2014 च्या ‘जीटीएक्स 970’वर 4 गिगाबाइट लिहिले होते, ते खोटेही नव्हते. मात्र त्यातले अर्धे गिगाबाइट फार संथ आहे आणि ठिपके पडद्यासाठी पूर्ण करणारे आतले घटक, म्हणजे आरओपी, 64 नसून 56 आहेत, हे जानेवारी 2015 मध्ये बाहेर पडले. अमेरिकेत खटला झाला आणि ग्राहकांना प्रत्येकी 30 डॉलर देण्याची तडजोड झाली.

या गदारोळात एक शांत वळण अनेकांच्या नजरेतून सुटते. सप्टेंबर 2011 मध्ये ‘द टेक रिपोर्ट’च्या स्कॉट वॉसन यांनी सेकंदाची सरासरी बाजूला ठेवून प्रत्येक फ्रेमला लागलेला वेळ मांडला. सेकंदाला 60 फ्रेम्स म्हणजे एकेकीला 16.7 मिलिसेकंद, पण मधलीच एखादी 100 मिलिसेकंद घेऊन बसली तर डोळ्यांना अडखळ जाणवते आणि सरासरीला तिचा पत्ता लागत नाही. आज परीक्षणांत सरासरीशेजारी ‘1 टक्का लो’चा, म्हणजे सर्वांत संथ फ्रेम्सचा, आकडा दिसतो, त्यामागे हाच विचार आहे. माझ्या मते या साऱ्या इतिहासातली ही सर्वांत प्रामाणिक सुधारणा.

आणि आता मोजायची वस्तूच बदलली आहे. 2022 पासून एनव्हिडियाची कार्डे खऱ्या फ्रेम्सच्या मध्ये अनुमानाने बनवलेल्या फ्रेम्स घालू लागली; याला ‘फ्रेम जनरेशन’ म्हणतात. जानेवारी 2025 मध्ये 549 डॉलरचे ‘आरटीएक्स 5070’ हे 1,599 डॉलरच्या ‘4090’ची कामगिरी देईल, असे एनव्हिडियाचे प्रमुख जेन्सन ह्वांग यांनी जाहीर केले. हा हिशेब एका खऱ्या फ्रेममागे तीनपर्यंत बनावट फ्रेम्स धरूनच जुळतो. ती सोय बंद केली की 5070 बरेच मागे राहते. तेव्हा कार्ड घेताना आपण कोअरचा (स्ट्रीम प्रोसेसरांचा) आकडा एकाच कंपनीच्या, एकाच पिढीतल्या कार्डांपुरताच वाचावा. आपला मॉनिटर जितक्या ठिपक्यांचा, तितक्याच ठिपक्यांवर, आपण खेळतो त्याच खेळाची, फ्रेम जनरेशन बंद ठेवून कोणी त्रयस्थाने घेतलेली चाचणी शोधावी. ती सापडेपर्यंत पैसे खिशात ठेवावेत.