खिशातला लेझर आणि विमानाची काच

गणपती जवळ आले की पोलिसांचा मनाई आदेश निघतो: विमानतळाच्या परिसरात लेझरचे झोत सोडू नका. लगेच आमच्या लोहगावच्या ग्रुपवर सुरू होतं, "आपल्याच सणाला बंदी का?" म्हणून थोडा इतिहास सांगतो. हा नियम सणामुळे जन्मलेला नाही.

१९६० मध्ये अमेरिकेत थिओडोर मेमन यांनी पहिला लेझर चालवून दाखवला. १९९५ मध्ये व्हिएन्नात करार झाला की शत्रूला कायमचं आंधळं करण्यासाठी बनवलेलं लेझर शस्त्र युद्धातही वापरायचं नाही. म्हणजे सैनिकांसाठी नियम झाला. पोरांच्या खिशातल्या लेझरला मात्र कोणी विचारत नव्हतं. २००० नंतर हिरवे पॉइंटर स्वस्त झाले, आणि घोळ सुरू झाला.

आपल्याला वाटतं, एवढासा ठिपका काय करणार? पण झोत पुढे जाताना पसरतो. साध्या पॉइंटरचा ठिपका एक किलोमीटरवर साधारण मीटरभर रुंद होतो. कॉकपिटच्या काचेवरच्या बारीक ओरखड्यांवर तो विखुरतो आणि अख्खी काच हिरवी उजळते. रात्री अंधाराला सरावलेले पायलटचे डोळे दिपतात, झोत गेल्यावरही डाग दिसत राहतो. आणि हे घडतं बहुतेक वेळा विमान खाली असताना, म्हणजे उतरताना, जेव्हा धावपट्टीचे दिवे दिसायलाच हवेत.

मार्च २००८ मध्ये सिडनीत उतरणाऱ्या विमानांवर एकाच वेळी अनेक झोत आले, विमानांचे मार्ग बदलावे लागले. ऑस्ट्रेलियाने त्याच वर्षी १ मिलिवॅटपेक्षा जास्त ताकदीच्या पॉइंटरच्या आयातीवर निर्बंध आणले. अमेरिकेने २०१२ मध्ये विमानावर लेझर रोखणं हाच गुन्हा ठरवला, ५ वर्षांपर्यंत कैद. ब्रिटनने २०१८ च्या कायद्यात धोका पोहोचवण्याचा हेतू सिद्ध करण्याची अटच काढली. चालकाचे डोळे दिपले, लक्ष विचलित झालं, तरी गुन्हा.

पण नुसत्या शिक्षेने भागलं का? अमेरिकेत २०२३ मध्ये अशा १३ हजारांहून जास्त तक्रारी नोंदल्या गेल्या. कारण माल बाजारात आहेच. २०१३ मध्ये तिथल्या सरकारी प्रयोगशाळेने १२२ पॉइंटर तपासले, तर हिरव्यांपैकी सुमारे ९० टक्के कायदेशीर मर्यादेपेक्षा तेज निघाले. लेबलवर एक, आत भलतंच.

म्हणून माझं मत स्पष्ट आहे. आपल्याकडे आदेश निघतो, मुदत संपते, पुढच्या वर्षी पुन्हा तेच. नियम वर्षभर हवा, आणि तो मंडळाच्या पोरांआधी विकणाऱ्याला आणि आयात करणाऱ्याला लागू व्हायला हवा. ताकद तपासल्याशिवाय माल दुकानात जाऊच नये.

तोवर आपण एवढं तरी करू: झोत आकाशाकडे नको, आणि पोरांच्या हातात ही वस्तू "खेळणं" म्हणून नको. वरच्या विमानात आपल्याच कोणाची तरी आई बसलेली असते.